शास्त्रज्ञ, फासे आणि सामाजिक दर्जा

कथा, कविता, नाटक, आत्मकथन यांची समीक्षा आपण करतो, कारण त्यांत कोणीतरी माणूस उभा केलेला असतो आणि तो कसा उभा केला याचा जाब विचारता येतो. खेळाला असा जाब कोणी विचारत नाही. खेळ म्हणजे करमणूक, वेळ घालवणे, असे मानून आपण तो सोडून देतो. पण ज्या खेळात खेळणाऱ्यालाच एक माणूस घडवावा लागतो, त्याला जन्म, शिक्षण, नोकरी आणि म्हातारपण द्यावे लागते, त्या खेळाच्या नियमांत समाजाविषयीची एक निश्चित कल्पना असणारच. ती कल्पना कोणाच्या अनुभवविश्वातून आली, तिच्यात कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही, हे तपासणे मला समीक्षकाचे काम वाटते. माझ्या महाविद्यालयातील काही विद्यार्थी ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ खेळू लागले, त्यांनी मला पंच म्हणून बसवले, आणि एका विद्यार्थिनीने ‘मला शास्त्रज्ञ करायचीय’ म्हणून हट्ट धरला. त्यातून हा लेख निघाला आहे.

ज्यांना असे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. यात पट नसतो, सोंगट्या नसल्या तरी चालते, आणि कोणी जिंकत नाही की हरत नाही. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. पंच जगाचे वर्णन करतो: अमुक ग्रह, तमुक बंदर, हवा विषारी, पाण्याला भाव. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, त्याच्या तोंडून बोलतात आणि त्याच्या वतीने निर्णय घेतात. निर्णय तडीला जाईल की नाही ते फासे ठरवतात. आपल्याकडच्या भारुडाशी, वगाशी याचे नाते जोडण्याचा मोह होतो. मी तो टाळतो. तिथे सोंग लोकांसमोर आणलेले असते. इथे बघणारा कोणीच नसतो.

या प्रकारच्या खेळांची सुरुवात अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने झाली. त्यात राक्षस, तलवारी आणि जादूगार होते. विज्ञानकथेच्या अंगाने जाणाऱ्या खेळांत १९७७ साली आलेला ‘ट्रॅव्हलर’ सर्वांत वजनदार ठरला. इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावच्या ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ या संस्थेने तो काढला. कर्ता मार्क मिलर. काळ्या वेष्टनाची तीन छोटी पुस्तके, एवढाच त्याचा पसारा. पुस्तकांत चित्रे जवळजवळ नाहीत, तक्ते मात्र पानोपानी आहेत. हे तक्तेच आपल्याला वाचायचे आहेत.

पात्र घडवण्याची रीत अशी. सहा गुण असतात: शक्ती, चपळाई, दम, बुद्धी, शिक्षण आणि सामाजिक दर्जा. प्रत्येकासाठी दोन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची. अठराव्या वर्षी पात्र एखाद्या सेवेत भरती होण्याचा प्रयत्न करते. एक कार्यकाळ चार वर्षांचा. दर कार्यकाळाला तगण्याचा फासा, जिथे हुद्दे आहेत तिथे बढतीचा फासा, मग कौशल्यांचा फासा. नको वाटेल तेव्हा बाहेर पडायचे, हिशेब घ्यायचा, आणि तेव्हा कुठे खेळ सुरू होतो. चौतिसाव्या वर्षापासून शरीर उतरणीला लागते, असे पुस्तक म्हणते. त्या वयाच्या पलीकडे असल्यामुळे हा नियम मी मुलांना जरा भरभर वाचून दाखवला.

सामाजिक दर्जा हा गुण शक्ती आणि चपळाईच्या रांगेत बसवलेला आहे. वरवर पाहता हे विचित्र वाटते. दम अंगात असतो, दर्जा कुठे अंगात असतो? पण थोडा विचार केला की या मांडणीतला प्रामाणिकपणा जाणवतो. माणूस कोणाच्या पोटी जन्मला हा त्याचा पराक्रम नाही, तो पडलेला फासा आहे, हे खेळाने पहिल्याच पानांत कबूल केले. आपल्याकडे गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्या किती जणांनी एवढे कबूल केले आहे? दर्जाची बेरीज ११ आली की ‘नाइट’ आणि १२ आली की ‘बॅरन’ ही उमरावी पदवी लावता येते. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी अशा तीन. म्हणजे या विश्वात खेळाडूंच्या पात्रांपैकी दर बारावे पात्र उमराव! इतके उमराव पोसायला किती राबणारे लागतील, याचा तक्ता पुस्तकात नाही.

तरीही खरी अडचण दर्जा मोजला यात नाही. सहाही फासे एकमेकांपासून सुटे टाकले जातात, यात आहे. बुद्धीचा फासा सुटा पडतो हे आपल्याला मान्यच आहे. आपली सगळी लढाई त्याच पायावर उभी आहे. कोणत्याही झोपडीत, कोणत्याही वाड्यात तो सारखाच पडतो. पण शिक्षणाचा फासा? तो दर्जाच्या फाशाकडे न बघता पडतो, असे ज्या समाजात घडते तो समाज कुठे आहे? ‘ट्रॅव्हलर’मध्ये शिक्षण १२ आणि दर्जा २ असे पात्र येण्याची शक्यता १२९६ मध्ये एक, आणि शिक्षण १२, दर्जा १२ असे पात्र येण्याची शक्यताही तेवढीच, १२९६ मध्ये एक. फाशांच्या गणितात दोघे अगदी सारखे. माणसांच्या गणितात हे दोघे सारखे कधी होते?

आणि शिक्षणाचा आकडा नुसता शोभेचा नाही. प्रत्येक सेवेला कौशल्यांचे चार तक्ते आहेत. पहिले तीन सर्वांना खुले. चौथा ज्याचे शिक्षण ८ किंवा अधिक आहे त्यालाच. नौदलाचा चौथा तक्ता पाहा: वैद्यक, दिशादर्शन, अभियांत्रिकी, संगणक, वैमानिकी, प्रशासन. जहाज ज्यांच्या हातात असते त्यांची ही सगळी कामे. दोन फाशांवर ८ किंवा अधिक येण्याच्या शक्यता ३६ पैकी १५. उरलेल्या २१ जणांना जन्मतःच हे दार बंद. नोकरीत राहून एखाद्याच्या ७ चा ८ होऊ शकतो, ती सोय आहे. पण हे दार कोणी बसवले, किल्ली कोणाकडे, आत गेलेल्याने मागच्यासाठी ते उघडे ठेवले का, याची वाच्यता नाही. माझ्या टेबलावरच्या मुलांना मात्र या नियमाचे स्पष्टीकरण द्यावे लागले नाही. ‘म्हणजे कटऑफ’, एवढे म्हणून ती पुढे गेली.

आता शास्त्रज्ञाकडे वळू. १९७७ च्या मूळ पुस्तकात शास्त्रज्ञ नाहीच. सहा वाटा आहेत: नौदल, मरीन, भूदल, टेहळणी, व्यापारी जहाजे आणि ‘इतर’. अंतराळाचा खेळ, तारे, ग्रह, अणुशक्तीची जहाजे; आणि ज्याच्या डोक्यातून हे सारे निघाले तो ‘इतर’मध्ये शोधायचा. कौशल्यांच्या यादीत संगणक आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे, वैद्यक आहे, खोटे दस्तऐवज करणे आहे, लाच देणे आहे, जुगार आहे. पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र नाही. हे जग विज्ञान वापरते, ते करत नाही. मला हे लबाडीचे वाटत नाही. ज्या समाजात प्रयोगशाळा इतक्या गृहीत धरलेल्या आहेत की त्या कोणाला दिसतही नाहीत, तिथला हा खेळ आहे.

१९७९ साली ‘सिटिझन्स ऑफ द इम्पीरियम’ या पुरवणीने आणखी बारा वाटा उघडल्या. चाचे, अशनींवरचे खाणकरी, मुत्सद्दी, डॉक्टर, रानटी, नोकरशहा, बदमाश, उमराव, शिकारी वगैरे. आणि त्यांच्यात एकदाचा शास्त्रज्ञ. त्याला हुद्दे नाहीत. बढती नाही. पण सेवा संपताना फासा अनुकूल पडला तर त्याला चक्क प्रयोगशाळा-जहाज मिळू शकते. हे वाचून मुले हसली. त्यांच्यातल्या एकाची थोरली बहीण संशोधन करते आणि शिष्यवृत्तीच्या हप्त्याची महिनोन्‌महिने वाट पाहते. तो हसला नाही.

या शास्त्रज्ञाच्या तक्त्यात एक बारीक गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळा मामला तिथेच आहे. नौदलात अधिकारी होण्यासाठी १० किंवा अधिक टाकावे लागतात. पण दर्जा ९ किंवा वर असेल तर फाशात एक मिळवायची सवलत आहे. म्हणजे सामान्य घरच्याला ३६ पैकी ६ संधी, बड्या घरच्याला १०. मुत्सद्द्यांच्या भरतीतही दर्जा बघितला जातो. उमराव व्हायला तर तो लागतोच. शास्त्रज्ञाच्या भरतीत मात्र सवलत मिळते ती बुद्धीची आणि शिक्षणाची. दर्जा तिथे विचारलाच जात नाही. म्हणजे खेळकर्त्याला ठाऊक आहे की नौदलात घराणे चालते, दरबारात चालते. प्रयोगशाळेच्या उंबऱ्यापाशी आला की तो म्हणतो, इथे फक्त डोके चालते.

विज्ञानाने स्वतःविषयी बाळगलेली ही सर्वांत आवडती समजूत आहे. विज्ञान सत्याकडे बघते, म्हणून ते माणसाकडे बघत नाही; आणि माणसाकडे बघत नाही, म्हणून ते न्यायी आहे. ही समजूत खोटी आहे हे सांगायला कल्पनाविश्वात जायची गरज नाही. इतिहास पुरेसा आहे.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. १९८१ साली वीणा गवाणकरांचे पुस्तक आले आणि तो आपल्या घराघरांत पोचला. माझ्या पिढीतल्या कित्येकांना तो शाळेच्या बक्षीस समारंभात मिळाला. गुलामीत जन्मलेल्या या मुलाने कॅन्सस राज्यातल्या हायलँड येथील कॉलेजला अर्ज केला. अर्ज मंजूर झाला. तो तिथे पोचला, आणि काळा आहे हे दिसताच त्याला परत पाठवण्यात आले. ‘ट्रॅव्हलर’च्या भाषेत सांगायचे तर भरतीचा फासा अनुकूल पडला होता. कागदावर बुद्धी आणि शिक्षण पुरेसे होते. त्यानंतर आणखी एक फासा पडला, जो कोणत्याही तक्त्यात छापलेला नाही. कार्व्हर पुढे आयोवात शिकला, १८९६ साली पदव्युत्तर पदवी घेऊन टस्कीगीला गेला आणि शेतीशास्त्रात नाव झाले, हे खरे. पण मधली वर्षे गेली ती गेलीच. ‘ट्रॅव्हलर’ जिथे निर्माण झाला त्या देशाच्याच इतिहासातले हे उदाहरण आहे. ‘अमेरिकन खेळात तुमची जात कशाला घुसवता’ असा आक्षेप येणार हे मला दिसते आहे, म्हणून ते आधी दिले.

आपल्याकडचे उदाहरण मेघनाद साहांचे. ढाक्याजवळच्या शेवड़ातली गावी १८९३ साली जन्म. घरी किराण्याचे लहान दुकान. जात व्यापारी, पण उतरंडीत खालची मानलेली. पुढच्या शाळेसाठी दुसऱ्या गावी जावे लागले तेव्हा एका डॉक्टरांनी आपल्या घरी ठेवून घेतले, पण ताट ज्याचे त्याने धुवायचे आणि गाईची निगा राखायची या बोलीवर. थोरला भाऊ जयनाथ तागाच्या कंपनीतल्या तुटपुंज्या पगारातून पैसे पाठवी. कलकत्त्याच्या ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये सवर्ण मुलांनी पंक्तीला बसू दिले नाही, हे त्यांच्या चरित्रांतून नोंदलेले आहे. याच माणसाने १९२० साली मांडलेल्या आयनीभवनाच्या समीकरणामुळे ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांचे तापमान वाचता येऊ लागले. तारा किती तापला आहे हे कळायला लागले. पंक्तीतला माणूस का तापतो हे तेव्हाही कळत होते, कबूल करायचे नव्हते.

आणि बाबासाहेब. प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ नसले तरी लंडन विद्यापीठाची त्यांची १९२३ ची पदवी ‘डॉक्टर ऑफ सायन्स’ हीच आहे, हे आपण कधीकधी विसरतो. १९१७ साली कोलंबियाचे शिक्षण घेऊन ते बडोद्याच्या नोकरीत आले तेव्हा त्यांच्या शिक्षणाचा आकडा कोणत्याही तक्त्यात मावला नसता. राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून हुसकून लावले गेले. ‘ट्रॅव्हलर’मध्ये नौदलातून बाहेर पडताना दर्जा दोनने वाढू शकतो. जो वाढू शकतो तो वर्गाचा दर्जा. बाबासाहेबांनी १९१६ सालच्या कोलंबियातल्या निबंधात जातीकडे दारे लावून घेतलेला वर्ग म्हणून पाहिले. त्या बंद दाराला एकदोन गुणांची वाढ लागू होत नाही. म्हणून आमच्या टेबलावर दर्जाचे दोन आकडे लिहावेत, एक बदलणारा आणि एक न बदलणारा, अशी सूचना एका विद्यार्थ्याने केली. मी ती मान्य केली नाही. न बदलणारा आकडा आपण आपल्या हाताने कागदावर लिहायचा, हे मला सोसणारे नव्हते. त्याला ते पटले नाही. तो म्हणाला, ‘सर, न लिहिल्याने तो जातो का?’ हा वाद अजून मिटलेला नाही.

मराठी विज्ञानकथेचाही येथे विचार करायला हवा. मी वाचलेल्या कथांतला शास्त्रज्ञ बहुधा पुस्तकांच्या कपाटांसह जन्माला आलेला असतो. त्याला कूट प्रश्न पडतो, यंत्र बिघडते, परग्रहावरून संदेश येतो. फी भरायची कशी हा प्रश्न त्याला कधी पडत नाही. प्रयोगशाळेत झाडू मारणारा कथेत आलाच तर काचपात्र फोडण्यापुरता येतो. जयंत नारळीकरांविषयीची एक गोष्ट सर्वश्रुत आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. आपल्या नावाचे वजन पारड्यात पडू नये, हा त्यामागचा हेतू, आणि तो निःसंशय सचोटीचा. पण हे वाचताना मला माझे विद्यार्थी आठवतात. वसतिगृहात, मुलाखतीत, भाड्याची खोली शोधताना तेही आडनाव लपवतात. एकाला नावाचे वजन नको असते; दुसऱ्याला नावाचे ओझे खाली ठेवायचे असते. आडनाव या गोष्टीवर आपल्या विज्ञानकथेने कथा लिहायला हवी होती. तिच्याइतका विषय परग्रहावर मिळणार नाही.

आता तगण्याच्या फाशाविषयी. ‘ट्रॅव्हलर’ची सगळ्यांत प्रसिद्ध गंमत ही की पात्र खेळ सुरू होण्याआधीच मरू शकते. कार्यकाळात तगण्याचा फासा चुकला की संपले. तो कागद बाजूला ठेवायचा आणि नवे पात्र सुरू करायचे. जगभरचे खेळाडू हा नियम हसत सांगतात. आमच्या टेबलावरही पहिल्यांदा हशा झाला. एका मुलाचा शास्त्रज्ञ दुसऱ्याच कार्यकाळात गेला, वय पंचवीस. ‘कशाने मेला?’ कोणीतरी विचारले. पुस्तक कारण सांगत नाही. टेबल गप्प झाले. हैदराबाद विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याला कार्ल सेगनसारखे विज्ञानावर लिहायचे होते. कित्येक महिन्यांची शिष्यवृत्ती त्याला मिळालेली नव्हती. तिथे कारण न लिहिता कागद बाजूला ठेवता येत नाही. त्या दिवसापासून आम्ही एक पद्धत ठेवली आहे: तगण्याचा फासा चुकला तर पात्राचे काय झाले, त्या वेळी कोण जवळ होते आणि कोण असायला हवे होते, हे खेळाडूने लिहिल्याशिवाय दुसरा कागद मिळत नाही.

निःपक्षपातीपणासाठी हे सांगितले पाहिजे की खेळ तिथेच थांबलेला नाही. २००८ साली इंग्लंडच्या ‘मंगूज’ प्रकाशनाने ‘ट्रॅव्हलर’ची नवी आवृत्ती काढली. तीत ‘विद्वान’ ही वाट आहे. क्षेत्रसंशोधक, शास्त्रज्ञ आणि वैद्य असे तिचे तीन फाटे. विज्ञानांची कौशल्ये आता यादीत आहेत. फासा चुकला की मरणाऐवजी अपघात होतो. घटनांच्या तक्त्यात एक घटना अशी की सदसद्विवेकाला न पटणारे संशोधन करायला सांगितले जाते, मान्य करा वा नाकारा. दुसरी अशी की दुसऱ्याचे काम चोरून पुढे जाण्याची संधी येते. म्हणजे शास्त्रज्ञाला विवेक मिळाला. मित्र, हितशत्रू, ओळखीपाळखीही मिळाल्या. दोन खेळाडूंनी आपापल्या पात्रांचा भूतकाळ एका घटनेने जोडला तर दोघांनाही एकेक कौशल्य जादा, असाही नियम आहे. १९७९ च्या एकांड्या शास्त्रज्ञापेक्षा हा माणूस कितीतरी खरा आहे.

पण या जोडणीत दोघांचाही फायदाच होतो, आणि तिथे मी अडतो. माझे शिक्षण फाशाने आलेले नाही. वडील वीटभट्टीवर होते. सातवीनंतर शिष्यवृत्तीचा अर्ज शाळेतल्या एका गुरुजींनी स्वतः बसून भरला, उत्पन्नाचा दाखला आणायला तालुक्याला स्वतः गेले. अकरावीच्या वर्षी धाकट्या बहिणीची शाळा सुटली. दोघांच्या वह्या, दोघांचे एसटीचे पास त्या घराला पेलण्यासारखे नव्हते, आणि पेलायचे कोणाचे हे कोणी बसून ठरवले नाही. ते ठरलेलेच होते. माझ्या आकड्यात जे गुण वाढले ते कोणाच्या तरी आकड्यातून वजा झाले. जयनाथ साहांच्या आकड्यातूनही काही वजा झालेच असणार. पहिल्या पिढीच्या पदवीधरांपैकी ज्याला ज्याला मी हे विचारले, त्याच्याकडे असे एक नाव निघाले: भाऊ, बहीण, आई, कधी मोठी वहिनी. खेळाच्या तक्त्यांत वजाबाकीची ही बाजू कुठेच नाही.

म्हणून त्या विद्यार्थिनीने शास्त्रज्ञ घडवायला घेतली तेव्हा आम्ही नियम बदलला. तिचे फासे असे पडले होते: बुद्धी १०, शिक्षण ११, दर्जा ३. टेबलावरचा एक मुलगा म्हणाला, दर्जा थोडा वाढवून घे, हे जुळत नाही. ती म्हणाली, ‘जुळतं. फक्त सर, हिला शिकवलं कोणी?’ मग ठरले की दर्जा ५ च्या खाली आणि शिक्षण ८ किंवा वर असेल तर तीन गोष्टी लिहायच्या: पहिला अर्ज कोणी भरला, पैसे कोठून आले, आणि कोणाचे काय राहून गेले. तिसऱ्या ओळीत ज्याचे नाव येईल तेही पात्र होते, त्याचाही कागद काढायचा. आणि शास्त्रज्ञाच्या भरतीला एक फासा जादा: कागदपत्रे मंजूर झाल्यानंतर समोरासमोर भेट. त्याला आम्ही ‘हायलँडचा फासा’ म्हणतो.

हा सगळा खटाटोप खेळ जड करतो, अशी तक्रार झाली, आणि ती काही अंशी रास्त आहे. पात्र घडवण्यातच एक रविवार गेला. पण पुढच्या रविवारी जो खेळ झाला तसा आधी कधी झाला नव्हता. तिची शास्त्रज्ञ खाणींच्या ग्रहावर पाण्याची परीक्षा करते. वरच्या वस्तीला चढणारे पाणी आणि खालच्या वस्तीत येणारे पाणी एकाच टाकीचे आहे असे कंपनीचा दाखला म्हणतो. तिच्या नमुन्यांत शिसे सापडते. दाखल्यावर सही करायची की नाही, एवढाच प्रश्न. आणि त्यावर चार तास गेले. तिच्यापुढे नोकरी होती, वरिष्ठांनी देऊ केलेले जहाज होते, आणि खालच्या वस्तीत राहणारा भाऊ होता, ज्याची शाळा तिच्यासाठी सुटली होती. महाडच्या चवदार तळ्याचे नाव टेबलावर कोणी काढले नाही. काढायची गरजही नव्हती. पाण्याची शुद्धी कोणी ठरवायची, हा प्रश्न १९२७ साली विचारून झालेला आहे. इथे तो रसायनाच्या भाषेत पुन्हा आला.

आता अडले आहे ते भावाच्या कागदापाशी. तो टाक्यांत उतरून गाळ काढतो. १९७७ चे सहा आणि १९७९ चे बारा मिळून अठरा वाटा आहेत. सफाई करणाऱ्याची त्यांत एकही नाही. ‘इतर’मध्ये घालावा तर त्या वाटेच्या पहिल्याच तक्त्यात सहा पडले की दर्जा एकने कमी होतो. ती ओळ आम्ही खोडली आहे. तिच्या जागी काय लिहायचे यावर दोन मते आहेत. विद्यार्थिनीचे म्हणणे, तिथे ‘शिक्षण अधिक एक’ लिहावे, वय काहीही असो, रात्रशाळा असतातच. दुसऱ्या एकाचे म्हणणे, तिथे ‘संघटना’ हे नवे कौशल्य घालावे, आणि टाकीत उतरायला नकार देण्याचा फासा त्यावर टाकावा. त्यासाठी किती आकडा लागावा हे मात्र ठरत नाही. तो सात म्हणतो. कंपनीच्या ग्रहावर सात फार सोपे होईल, असे माझे मत आहे.